आमदारांचे साप्ताहिक निवेदन मतदारांसाठी लिहायचे आहे. त्यात काय असावे आणि काय टाळावे?

पेठेतला लेखनिक (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. कोल्हापूर जिल्ह्यातील एका विद्यमान आमदारांच्या संपर्क कार्यालयात मी पत्रव्यवहार आणि प्रसिद्धीचे काम पाहतो. साहेब परंपरावादी विचारांचे म्हणून ओळखले जातात. देवस्थाने, गोवंश, कुटुंबव्यवस्था, शिस्त आणि देशाभिमान हे त्यांच्या भाषणांतले नेहमीचे विषय असून ते आपली मते झाकून ठेवत नाहीत. पक्षाचे नाव मात्र येथे मुद्दामच घेत नाही, कारण ते घेतले की चर्चा निवेदनावर न राहता पक्षावर घसरेल.

आजवर आमच्याकडून व्हॉट्सअॅपच्या गटांवर रोज छायाचित्रे जात असत. आता साहेबांच्या मनात असे आहे की, रोजचा हा मारा थांबवून दर रविवारी एकच दोन पानी निवेदन काढावे, ते गटांवर पाठवावे आणि त्याची छापील प्रत ग्रामपंचायती, तालीम मंडळे, दूध संस्था आणि वाचनालये यांच्या फलकांवर लावावी. निम्मा मजकूर राजकारणाचा आणि निम्मा समाजातील घडामोडींचा असावा, एवढीच त्यांची सूचना आहे.

पहिल्या अंकाचा कच्चा मजकूर मी तयार केला, तेव्हा त्यात पुढील प्रकारची वाक्ये आली: ‘अमुक गावच्या रस्त्यास भरघोस निधी मंजूर’, ‘अमुक कुटुंबाची सांत्वनपर भेट’, ‘अमुक मंडळाच्या आरतीस उपस्थिती’, ‘विरोधकांच्या अपप्रचारास चोख प्रत्युत्तर’. वाचताना माझे मलाच वाटले की, चौकातला फ्लेक्स आणि हे निवेदन यांत फक्त कागदाच्या आकाराचा फरक आहे. साहेबांची मते त्यात किती यावीत, अधिवेशन नसलेल्या आठवड्यांत काय लिहावे आणि हे निवेदन त्यांना मत न देणाऱ्या माणसानेही शेवटपर्यंत वाचावे यासाठी काय करता येईल, यावर जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना वार्ताहर

विधिमंडळाचे कामकाज मी बरीच वर्षे पत्रकार कक्षातून पाहिले आहे, त्यामुळे तेवढ्यापुरतेच लिहितो.

आपल्या कच्च्या मजकुरात सभागृहाचा एकही उल्लेख नाही, ही त्यातली सर्वांत मोठी उणीव आहे. आरतीला नगरसेवकही जातो आणि उद्या उभा राहू इच्छिणारा इच्छुकही जातो. विधानसभेतल्या २८८ खुर्च्यांपैकी एकीवर बसण्याचा अधिकार मात्र मतदारसंघाने एकाच व्यक्तीला दिलेला असतो. म्हणून अधिवेशन चालू असलेल्या आठवड्यात साहेबांनी कोणता तारांकित (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) प्रश्न लावला, तो चर्चेला आला की केवळ लेखी उत्तरावर निकाली निघाला, लक्षवेधी सूचना स्वीकारली गेली काय आणि मंत्र्यांनी नेमके कोणते उत्तर दिले, हे पहिल्या पानावर यायला हवे. ‘सभागृहात आवाज उठवला’ या वाक्याचा अर्थ औचित्याचा मुद्दा मांडून खाली बसले असाही होतो आणि अर्धा तास चर्चेत मंत्र्यांना कोंडीत पकडले असाही होतो. या दोहोंतले अंतर मतदाराला कळू न देण्यातच अनेकांची सोय असते, हे मी पुष्कळ जवळून पाहिले आहे.

अधिवेशने वर्षातून तीन होतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत भरते, तर हिवाळी अधिवेशन १९५३ च्या नागपूर करारानुसार नागपुरात भरते. उरलेल्या काळासाठीही विषय कमी नसतात, कारण मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करण्यासाठी विधिमंडळाची स्वतंत्र आश्वासन समिती आहे. मार्चमध्ये मिळालेल्या आश्वासनाचे ऑगस्टमध्ये काय झाले, एवढा एकच विषय घेतला तरी अधिवेशन नसलेला अख्खा आठवडा सार्थकी लागेल. साहेब एखाद्या समितीवर असतील, तर एक पथ्य मात्र पाळा: अहवाल सभागृहाला सादर होईपर्यंत समितीतील चर्चा बाहेर छापू नका.

मतांविषयी विचारलेत, तर माझे म्हणणे असे की, ती असू द्यावीत, पण तारखेसह आणि कारणांसह असावीत. पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या प्रकरणाचे उदाहरण घ्या. त्याचा पहिला शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ रोजी आणि सुधारित निर्णय १७ जून रोजी निघाला, आणि २९ जूनला दोन्ही रद्द करत असल्याची घोषणा झाली. ज्या लोकप्रतिनिधीने जूनच्या तिसऱ्या आठवड्यात या निर्णयाचे स्वागत केले आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात तो रद्द झाल्याचेही तितक्याच उत्साहाने स्वागत केले, त्याची दोन्ही निवेदने लोकांच्या मोबाइलमध्ये शेजारी शेजारी राहतात. भाषण वाऱ्यावर जाते, निवेदन जात नाही. साहेबांना दर रविवारी लिहायचे असेल, तर मत बदलल्यावर ते का बदलले हे पुढच्या रविवारी सांगण्याची त्यांची तयारी आहे काय, हे आधी विचारून घ्या.

दूध संस्थेची सचिव

आपली छापील प्रत ज्या फलकांवर लागणार आहे, तसा एक फलक माझ्या ताब्यात आहे, म्हणून लिहिते. आमचे गाव शिरोळ तालुक्यात नदीकाठी आहे. सकाळी दूध घालायला आलेली माणसे फॅट लागेपर्यंत रांगेत उभी असतात आणि तेवढ्या वेळात फलकावरचे सगळे वाचतात. त्यात आपल्या गावाचे नाव शोधणे ही पहिली गोष्ट, आणि ते सापडल्यावर लिहिलेले खरे आहे की नाही हे शेजारच्याला विचारणे ही दुसरी.

‘रस्त्यास भरघोस निधी मंजूर’ या वाक्यावर आमच्याकडे कोणाचाही विश्वास उरलेला नाही, आणि त्याला कारण आहे. अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागणीत तरतूद झाली, की पहिला फ्लेक्स लागतो. प्रशासकीय मान्यता मिळाली, की दुसरा लागतो. मग तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश, आणि त्यानंतर नारळ फोडून भूमिपूजनाचा तिसरा. प्रत्यक्ष खडी पडते तेव्हा चौथा फ्लेक्स लावायला कोणी उत्सुक नसते, कारण तोवर ठेकेदाराचे देयक थकलेले असते आणि काम अर्ध्यावर उभे असते. अशा रीतीने एकाच रस्त्याचे श्रेय तीनदा घेतले जाते आणि चिखल मात्र तोच राहतो.

तुम्ही ते वाक्य असे लिहून पाहा: ‘अमुक गाव ते अमुक फाटा हा रस्ता लेखाशीर्ष ५०५४ (रस्ते-पुलांचे सरकारी खर्चाचे खाते) मधून धरला आहे. प्रशासकीय मान्यता झाली असून तांत्रिक मान्यता कार्यकारी अभियंत्यांकडे प्रलंबित आहे. कार्यारंभ आदेश मिळाल्याशिवाय काम सुरू होणार नाही, त्यामुळे पावसाळ्यापूर्वी डांबरीकरणाची अपेक्षा धरू नये. काम पूर्ण झाल्यावर दोषदायित्व कालावधी (बिघाड झाल्यास ठेकेदाराने दुरुस्ती करून देण्याची मुदत) किती आणि ठेकेदार कोण, याचा फलक रस्त्यावर लावला जाईल.’ वाचून कोणी टाळ्या वाजवणार नाही, पण रांगेतला माणूस म्हणेल की यावेळी कोणीतरी खरे लिहिले आहे. पुढच्या महिन्यात तांत्रिक मान्यता झाली की तेवढी एक ओळ पुन्हा द्या. लोक स्वतःहून मागोवा ठेवतील. कामे ग्रामविकासाच्या २५१५ या लेखाशीर्षातली असोत वा आमदार निधीतली, पद्धत हीच ठेवावी. आमदार निधीबाबत ‘माझ्या निधीतून’ असे लिहू नये, असे मी आवर्जून सुचवते. वर्षाला ५ कोटींचा तो निधी शासनाचा असतो. आमदार काम सुचवतात आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात.

महापुराबद्दल एक विनंती आहे. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, आणि जोराचा पाऊस व धरणांचा विसर्ग एकत्र आले की हे चार फूट भरायला रविवार ते रविवार वाट पाहावी लागत नाही. २०१९ आणि २०२१ साली आम्ही ते अनुभवले आहे. साप्ताहिक निवेदनात पाण्याची पातळी छापू नका, कारण गुरुवारी कोणीतरी रविवारचा आकडा वाचून जनावरे गोठ्यातच ठेवील. त्याऐवजी जूनमध्येच निवारा केंद्र कोणत्या शाळेत, जनावरांची सोय कोठे आणि होडी कोणाकडे आहे हे द्यावे, आणि पूर ओसरल्यावर पंचनाम्यांची स्थिती गावनिहाय द्यावी. कर्नाटकातील अलमट्टी धरणाची उंची वाढवण्याबद्दल ‘तीव्र विरोध’ असे लिहून भागत नाही. धरणाची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० सालीच मुभा दिली आहे. आता साहेब कोणाला भेटले, कोणते पत्र दिले आणि त्याला काय उत्तर आले, हे लिहिले तरच नृसिंहवाडी-कुरुंदवाडकडचा माणूस ते वाचेल.

एक अवघड गोष्टही लिहिते. आपल्या जिल्ह्यात आमदार आणि साखर कारखाना यांची गाठ अनेक ठिकाणी पडलेली आहे. तुमच्या साहेबांचा किंवा त्यांच्या घरच्यांचा एखाद्या कारखान्याशी संबंध असेल, तर उसाच्या दराविषयी निवेदनात लिहिताना तो संबंध त्याच परिच्छेदात सांगावा. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) द्यावी आणि न दिल्यास १५ टक्के व्याज द्यावे, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. संबंधित कारखान्याने ती दिली आहे काय, हे एका वाक्यात आले नाही, तर बाकीच्या दोन पानांत संस्कृती आणि शेतकरीप्रेम कितीही असले तरी आमच्या फलकाखाली लोक हसतील.

तालमीतला एक

वरील सूचना चांगल्या असल्या तरी मला त्या पुस्तकी वाटतात. सांत्वनपर भेटी आणि आरत्या वगळल्या, तर आमच्या पेठेत हे निवेदन कोणी हातात धरणार नाही. घरात माणूस गेल्यावर आमदार येऊन बसले, याला येथे मोल आहे. लेखाशीर्ष वाचून मत देणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

दूध संस्थेची सचिव

भेटीला जावेच. दारात आलेल्या माणसाचे मोल त्या घराला कळलेले असते, त्यासाठी रडणाऱ्या बाईचे छायाचित्र आठशे मोबाइलवर पाठवण्याची गरज नसते.

सातासमुद्रापारचा करवीरकर

मी मूळचा मंगळवार पेठेतला असून सध्या अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. येथील आमचे प्रतिनिधीगृहातील सदस्य रिपब्लिकन पक्षाचे आणि पक्के परंपरावादी आहेत, आणि दर आठवड्याला त्यांचे ईमेल निवेदन मला येते. त्यांच्या बहुतेक मतांशी माझे पटत नाही, तरीही मी ते वाचतो. असे का होते हे सांगितल्यास आपल्याला काही उपयोग होईल, असे वाटते.

येथे प्रतिनिधीगृहात ४३५ सदस्य असून एकेका सदस्यामागे साधारण साडेसात लाखांहून अधिक लोकसंख्या आहे, म्हणजे आपल्या विधानसभा मतदारसंघापेक्षा बराच मोठा पसारा. निवेदनाच्या सुरुवातीला त्या आठवड्यात कोणत्या विधेयकांवर मतदान झाले आणि त्यांनी बाजूने मत दिले की विरोधात, हे विधेयकाच्या क्रमांकासह असते. पुढे त्यांची मते येतात: करकपात, सीमासुरक्षा, शस्त्र बाळगण्याचा हक्क, गर्भपाताला विरोध. ती ठासून मांडलेली असतात आणि मांडणी एकतर्फीही असते. पण मतदानाची नोंद अधिकृत असल्यामुळे ती तपासून पाहता येते. मला ज्या गोष्टीची चीड येते, तीच मला क्रमांकासह कळते, हा त्या निवेदनाचा गुण आहे.

उरलेला भाग समाजाचा असतो आणि तो खरोखरच उपयोगाचा असतो. लष्करी अकादमींतील प्रवेशासाठी संसद सदस्याचे नामनिर्देशन लागते, त्याच्या अर्जाची मुदत त्यात येते. शाळकरी मुलांसाठी १९८२ पासून चालत आलेल्या चित्रकला स्पर्धेची माहिती येते. पारपत्र, निवृत्तिवेतन किंवा माजी सैनिकांचे लाभ सरकारी कचेरीत अडकले असतील, तर मदतीसाठी कार्यालयाची माणसे कोणत्या दिवशी कोणत्या गावच्या वाचनालयात बसणार आहेत, हेही दिलेले असते. आपल्याकडे याच धर्तीवर मुख्यमंत्री सहायता निधीचे अर्ज, शिष्यवृत्त्यांच्या मुदती, संजय गांधी निराधार योजनेची कागदपत्रे आणि साहेबांचा माणूस कोणत्या वारी कोणत्या गावात भेटेल, हे देता येईल. निवडणूक जवळ आली की सरकारी खर्चाने अशी घाऊक पत्रे पाठवण्यावर येथे ठरावीक काळ बंदी असते आणि सरकारी खर्चाच्या निवेदनात प्रचाराचा मजकूर घालता येत नाही. हा नियम तिकडे कार्यालयाने स्वतःहून पाळायला कोणाची हरकत नसावी.

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून घेऊ नका. निवेदनाच्या तळाशी बहुधा एक ‘जनमत चाचणी’ असते आणि तिचा प्रश्न असा रचलेला असतो की, भल्या माणसाला एकच उत्तर देता यावे. तुमचा कष्टाचा पैसा उधळपट्टीसाठी जावा असे तुम्हाला वाटते काय, अशा धाटणीचा. पुढच्या आठवड्यात त्याचाच निकाल ‘मतदारांचा कौल’ म्हणून छापला जातो. याला आपल्या पेठेत काय म्हणतात ते सभ्य शब्दांत लिहिता येत नाही.

सर्किट बेंचजवळचा वकील

कायद्याच्या बाजूने काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

विधानसभेत केलेल्या भाषणाला संविधानाच्या अनुच्छेद १९४ नुसार संरक्षण आहे. त्यासाठी सदस्यावर न्यायालयात कारवाई होऊ शकत नाही. साहेबांनी तेच वाक्य रविवारच्या निवेदनात स्वतःच्या नावे छापले, तर हे कवच तेथे त्यांच्या मदतीला येईल असे गृहीत धरू नका. विरोधकावर केलेला आरोप मग भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली, म्हणजे बदनामीच्या कक्षेत, जाऊ शकतो. अध्यक्षांनी कामकाजातून काढून टाकलेला भाग छापणे हा तर विशेषाधिकाराचा भंग ठरतो. तेव्हा ‘चोख प्रत्युत्तर’ लिहिण्याआधी ते सभागृहात दिले की चौकात, हे पाहून घ्या.

धार्मिक विषय साहेबांच्या आस्थेचे आहेत, त्यांना मज्जाव नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेची सोय, अंबाबाई मंदिर परिसराचा विकास, एखाद्या जुन्या मठाचे प्रश्न हे आपल्याकडे लोकजीवनाचे विषय आहेत आणि त्यावर आमदारांनी लिहिलेच पाहिजे. निवडणुकीत मत मागताना मात्र लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३(३) लागू होते. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी २ जानेवारी २०१७ रोजी ४ विरुद्ध ३ अशा बहुमताने त्याचा व्यापक अर्थ लावला आहे: उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माच्या किंवा जातीच्या आधारे केलेले आवाहनही भ्रष्ट आचरणात मोडते. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत राज्य निवडणूक आयोगाची आचारसंहिता असते, त्या आठवड्यांत नव्या कामांच्या घोषणा निवेदनात येऊ देऊ नका.

वैद्यकीय मदत मिळालेल्या रुग्णाचे नाव, आजार आणि छायाचित्र लेखी संमतीशिवाय छापू नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. तो नसता तरीही हे करू नये.

श्रेयाविषयी वर ताईंनी लिहिले आहे, त्यात आमच्या अनुभवाची भर घालतो. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झाले. त्यासाठी कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील वकिलांनी कित्येक दशके आंदोलने केली, कामकाजापासून अलिप्त राहिले आणि पक्षकारांचे बोल ऐकले. उद्घाटनाच्या आठवड्यात शहरातले फ्लेक्स पाहिले असते, तर हे काम सर्वपक्षीय नेत्यांनी एका दुपारी उरकले असे परक्याला वाटले असते. तुमच्या साहेबांनी त्या आठवड्यात निवेदन काढले असते आणि ‘या मागणीसाठी मी अमुक तारखेला पत्र दिले होते, बाकी लढा वकिलांचा आणि पक्षकारांचा होता’ एवढेच लिहिले असते, तर ते त्यांचे विरोधक असलेल्या वकिलांनीही बार रूममध्ये लावले असते.

जाता जाता आणखी एक. २६ जूनला शाहू जयंतीचे निवेदन तुम्हाला लिहावेच लागेल. परंपरावादी नेत्याच्या लेखनिकाची त्या आठवड्यात खरी परीक्षा असते, कारण ‘रयतेचा राजा’ म्हणून हार घालणे सर्वांनाच जमते. महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानातील नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या आणि वेदोक्त प्रकरणात, म्हणजे राजघराण्याचे विधी वैदिक मंत्रांनी करण्यास पुरोहितांनी नकार दिला त्या वादात, धर्मसत्तेशी उघड संघर्ष केला. यातले साहेबांना काय पटते आणि काय पटत नाही, हे त्यांनी त्या दिवशी स्वतःच्या शब्दांत लिहावे.

पेठेतला लेखनिक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ही संपूर्ण चर्चा कागदावर काढून मी काल साहेबांपुढे ठेवली.

सभागृहातील कामाचा भाग पहिल्या पानावर घेण्यास ते लगेच तयार झाले. कामांची स्थिती टप्प्यांसह देण्याबद्दल त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि ‘मग अभियंत्यांना दर शुक्रवारी फोन लावावा लागेल’ असे म्हणून ते काम माझ्यावरच सोपवले. सांत्वनपर भेटींची केवळ गावे द्यायची, छायाचित्रे द्यायची नाहीत, असे ठरले. तालमीतील बंधूंना हे पटणार नाही, याची कल्पना आहे. मते ते स्वतः सांगणार आणि ती ‘माझे मत’ या मथळ्याखाली, इतर मजकुरापासून वेगळ्या चौकटीत त्यांच्या सहीने जाणार. शाहू जयंतीविषयी ते काही बोलले नाहीत, पण तो परिच्छेद त्यांनी दोनदा वाचला.

साखर कारखान्याच्या संचालक मंडळावर त्यांचे जवळचे नातेवाईक आहेत. ‘ऊसदराचा विषय सध्या नको’ असे त्यांचे म्हणणे पडले. गळीत हंगाम तोंडावर असताना हा विषय पूर्ण टाळला, तर निवेदनाचे पहिले दोन-तीन अंक कसे वाचले जातील, याची मला काळजी वाटते. ताई, आपले मत पुन्हा कळवावे.

दूध संस्थेची सचिव

विषय टाळायचा असेल, तर तो पूर्ण टाळावा; म्हणजे ‘शेतकऱ्यांच्या पाठीशी खंबीर’ यासारखी वाक्येही त्या अंकांत घालू नयेत. मात्र हंगाम सुरू झाल्यावर पहिली उचल (ऊसदराचा पहिला हप्ता) जाहीर होईल, त्या आठवड्यात टाळता येणार नाही. नात्याचा उल्लेख असलेले दोन ओळींचे वाक्य आताच लिहून साहेबांकडून सही करून ठेवा, कारण त्या आठवड्यात ते कार्यालयात सापडणार नाहीत. पहिला अंक छापला की दहा प्रती आमच्याकडे पाठवा. पावसाची झड फलकावर येते, तेव्हा प्लास्टिकच्या पाकिटात घालून पाठवाव्यात.